बायांची कोंड

माणूस पाण्यावर उताणा पडला होता. हात पसरलेले, डोळे मिटलेले आणि हालचाल… काहीच नाही.

मृणालीच्या हातातल्या चपला गळून पडल्या.

दुपार कलायला लागली होती. सकाळी वरच्या धरणातून पाणी सुटतं तेव्हा कुंडलिका दोन्ही काठ भरून धावत असते. दुपारी ती उतरते आणि कातळांच्या मधे हिरवागार, गप्प डोह तेवढा उरतो. गावात डोहाला कोंड म्हणतात. ही बायांची कोंड. कोलाडच्या अलीकडे, मृणालीच्या आईच्या माहेरची.

"अहो!" ती ओरडली. "अहो, कुणी आहे का? माणूस बुडालाय…"

काठावर चिटपाखरू नव्हतं. पळून जावं असं पायांना वाटत होतं. पण पळून गेलं आणि तो अजून जिवंत असला तर? कातळाला एक लांब बांबू टेकून ठेवला होता. तिने तो उचलला, दोन्ही हातांनी धरला आणि जीव खाऊन त्या माणसाच्या बरगडीत ढोसला.

मेलेला माणूस किंचाळला. बुडाला. मग खोकत, फुरफुरत वर आला.

"आईशप्पथ! काय करताय काय?"

"तुम्ही… जिवंत आहात?"

"होतो. तुम्ही ढोसलंत तोपर्यंत." त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. सावळा, रुंद खांद्याचा, तिच्याहून दोनेक वर्षांनी मोठा असावा. "पडून होतो हो नुसता. कान पाण्यात होते, काय ऐकू येणार?" मग त्याचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं आणि आवाज एकदम खाली आला. "ताई… तुम्ही गुडघाभर पाण्यात आहात. माहितीय ना?"

तिने खाली पाहिलं. सलवार भिजून पायांना चिकटली होती. बांबू मारायच्या नादात ती कधी आत उतरली होती, तिला कळलंच नव्हतं. आणि आता कळलं, तसे तिचे पाय जागच्या जागी खिळले.

"मला… मागे फिरता येत नाहीये."

तो हसला नाही. दुसरा कुणी असता तर हसला असता. तो हळूच पोहत आला, लांबच थांबला आणि बांबूचं दुसरं टोक पकडलं.

"माझा हात नको धरू. हा बांबू धरलाय तसाच धर. मी वळसा घालून काठाकडे चालतो, तू नुसती मागे ये. खाली नको बघू. नाव काय तुझं?"

"मृणाली."

"कुठली?"

"पेण. रामवाडी."

"पेणवरून इथे माणसं ढोसायला येता?"

काठावर पाय टेकला तेव्हा ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

त्याचं नाव हर्षद. सकाळी पाणी सुटलं की तो पर्यटकांच्या राफ्टवर गाईड म्हणून जायचा आणि दुपारी पोट वर करून कोंडीत पडायचा. "दिवसभर लोकांना वाचवतो, दुपारी नदीने मला सांभाळायचं," असं त्याचं म्हणणं.

आपण इथे का आलो, हे त्या अनोळखी माणसाला तिने का सांगितलं कोण जाणे. पण सांगितलं. तिची आई जनी दीड वर्षापूर्वी आजारपणात गेली. शेवटच्या दिवसांत तिला एकच ध्यास होता… एकदा बायांच्या कोंडीत उतरायचं होतं गो. मामा केव्हाच पनवेलला गेलेला, माहेरचं घर बंद. ते राहूनच गेलं. म्हणून मृणाली आली होती. आईच्या वतीने नुसते पाय बुडवायला. तेवढंही जमेल याची खात्री नव्हती.

"जनी?" हर्षद थबकला. "जनी आत्या? थांब. तू माझ्या आईला भेटल्याशिवाय जायचं नाय."

त्याची आई, रंभा, पडवीत वाल सोलत बसली होती. तिने मृणालीकडे एकदा पाहिलं आणि हातातलं सूप बाजूला सारलं.

"जनीचं नाक हाय गो बाय हे," ती म्हणाली आणि तिला जवळ ओढून घेतलं. "मला पवायला कुणी शिकवलं? तुझ्या आयशीने! आम्ही सगळ्या पोरी परकर खोचून उड्या मारायचो कोंडीत. जनी सगळ्यांच्या पुढे. पार त्या तीरावर जाऊन हाका मारायची. मासळीच होती ती. आणि तुला येत नाय पवायला?"

मृणालीने मान खाली घातली.

कसं येणार? तिचं लहानपण धरमतर खाडीच्या काठी गेलं होतं. वडील काळुराम मिठागरात कामाला. ती सहा वर्षांची असताना, दोन हजार पाच सालच्या त्या पुरात, खाडीचा बांध फुटला आणि भरल्या संध्याकाळी घरात पाणी शिरलं. आईने तिला पदराने पाठीवर घट्ट बांधलं आणि अंधारत्या पाण्यातून पोहत देवळाच्या जोत्यापर्यंत नेलं. बाबा मागून येत होते. ते दोनदा दिसेनासे झाले. पाठीवरून तिने ते पाहिलं होतं… बाबांचं डोकं आहे, आणि नाही… आहे, आणि नाही.

सगळी वाचली. पण काळुरामने खाडी सोडली, मिठागर सोडलं, रामवाडीत खोली घेतली. घरात एकच कायदा झाला. पाण्याजवळ जायचं नाही. पोरीने नाही आणि बायकोनेही नाही. मासळीसारखी आई पुढे आयुष्यभर बादलीतल्या पाण्याने आंघोळ करत राहिली. एका शब्दाने बोलली नाही.

"रविवारी ये," निघताना हर्षद म्हणाला. "दुपारी. पाणी उतरलेलं असतं."

"नाही जमणार मला."

"नको जमू दे. ये तरी."

आणि ती आली. त्या रविवारी, पुढच्या रविवारी, त्याच्याही पुढच्या. रोह्याच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये ती रक्त तपासायची, त्यामुळे पेण–रोहा एसटी रोजचीच. रविवारी जादा काम आहे, असं बाबांना सांगायची. खोटं बोलताना छातीत धडधडायचं. कोंडीच्या काठावर उभं राहिलं की त्याहून जास्त धडधडायचं. आणि पाण्यातून हर्षद "आलीस?" म्हणायचा तेव्हा तर… तेव्हा कशाने धडधडतंय तेच कळेनासं व्हायचं.

"भीती वाटतेय," ती दर वेळी सांगायची.

"किती?"

"गळ्यापर्यंत."

"मग पाणी कंबरेपर्यंतच घेऊया."

एक दिवस त्याने तिला उताणं तरंगायला सांगितलं. पाठीखाली त्याचा तळहात होता, टेकलाय की नुसता जवळ आहे ते कळू नये इतका हलका. कान पाण्यात गेले मात्र, आणि तिला तो पूर ऐकू आला. ती धडपडली, बुडाली, त्याच्या गळ्याला मिठी मारून वर आली. दोघंही तसेच उभे राहिले. तिचे ओले केस त्याच्या गालावर, आणि कुणाच्या छातीत ठोके पडतायत याचा पत्ता नाही.

"सॉरी," ती पुटपुटली. मिठी मात्र सोडली नाही.

"आपली काय तक्रार नाय," तो तितक्याच हळू म्हणाला.

"हर्षद, हात काढायच्या आधी सांगशील ना? न सांगता नाही काढायचा."

"न सांगता कधीच नाय काढणार." या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "आता काढतोय. बघ… काढला."

वर आभाळ होतं. करंजाच्या फांद्या होत्या. खाली खोल पाणी होतं आणि ती त्याच्यावर होती. पाच-सहा श्वासांपुरतीच. पण आई इथेच, याच पाण्यावर अशीच पडली असेल, हे मनात आलं आणि डोळ्यांतून निघालेलं पाणी कुंडलिकेत मिसळून गेलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ती हातपाय मारत चार कातळांइतकं अंतर पोहायला लागली. आणि नेमकी तेव्हाच ती बातमी आली.

मंगळवार होता. लॅबमध्ये नमुना द्यायला आलेला एक माणूस सहज बोलून गेला. "कोलाडला राफ्ट उलटली म्हणे सकाळी. गाईड वाहून गेला."

मृणालीने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. हातमोजे तसेच घालून ती बाहेर पळाली. कोलाडच्या मिनीडोर रिक्षात शेजारची बाई "काय झालं गो?" विचारत होती आणि हिला तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांपुढे एकच. डोकं आहे… आणि नाही. आहे… आणि नाही.

राफ्ट लागतात त्या घाटावर गर्दी होती. गर्दीच्या मधे एका उलट्या राफ्टवर हर्षद बसला होता. कपाळाला पट्टी, अंगावर टॉवेल, हातात कागदी कप. चहा पीत होता!

तिने तो कप हिसकावला आणि भिरकावून दिला.

"फोन का नाही केलास?"

"फोन पाण्यात गेला गो. एक पाव्हणा वाहून चालला होता, त्याच्या मागे गेलो. वळणाच्या पार खाली सापडला. ठीक हाय तो…"

"मग तू पण जायचं होतंस! कायमचा!" ती ओरडली, आणि तिथेच खाली बसली. ओंजळीत तोंड लपवून. माणसं बघत होती, बघू देत. "मला तू आवडतोस रे," ती हुंदक्यातून म्हणाली. "खूप आवडतोस. आणि मला हे नकोय… रोज सकाळी पाणी सुटलं की माझा जीव टांगणीला लागतो. मला नाही झेपत."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. बराच वेळ नदीकडे बघत राहिला.

"मग सोडतो," तो म्हणाला.

"काय?"

"नदी. रोह्याला कंपनीत भरती चालू हाय. सोडतो हे काम."

नको म्हणावं असं तिच्या मनात आलं, अगदी जिभेवर आलं. पण ती बोलली नाही. त्याची ओली बाही मुठीत धरली आणि मान हलवली… हो.

हर्षद कंपनीत लागला. निळा गणवेश, शिफ्ट, बूट. आणि सगळं कसं भराभर जुळत गेलं. रंभा एका सकाळी रामवाडीत येऊन बसली, सगळा विषय काढला. काळुरामने तिचं सगळं ऐकून घेतलं. रविवारच्या जादा कामाचा अर्थही त्याला आता कळला होता. पोरीकडे त्याने एकदाच पाहिलं. रागावला नाही. ते त्याहून वाईट होतं.

मग त्याने एकच विचारलं. "पाण्यातला हाय?"

"होता," मृणाली म्हणाली. "आता कंपनीत आहे."

"मंग हरकत नाय. बोलवा पोराला."

इतकं सोपं! आता तिने सुखाने झोपायला हवं होतं. सुरुवातीला झोपलीही. पण रविवारी हर्षद भेटायचा तो कोंडीच्या काठावर बूट घालूनच बसायचा. चल म्हटलं तर "अंग दुखतंय" म्हणायचा. विनोद कमी झाले. प्रश्नाला उत्तर द्यायचा, तेवढंच. बोलता बोलता तिथेच कातळावर त्याचा डोळा लागायचा आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायची. राफ्टवरून खाली उतरवून आणलेला हा माणूस, तिने वाचवलेला… पण कुठे होता तो?

"गप झालाय गो," रंभा एकदा चुलीपाशी म्हणाली. "घरात असून नसल्यासारखा. नदीकडे बघत पण नाय."

हे मृणालीने पाहिलं होतं. हे गप्प बसणं, ही न केलेली तक्रार; बादलीतून एकेक तांब्या अंगावर घेणारी आई. बाबांच्या भीतीपायी आईचं पाण्यात उतरणं सुटलं, आणि कुणी काही वाईट केलं होतं असंही नाही. बाबांनी फक्त जीव लावला होता. आपणही तेच करतोय. आपणही फक्त जीव लावतोय!

त्या दिवशी तिने हर्षदला पडवीबाहेर गाठलं.

"कंपनी सोड."

"वेड लागलंय? तुझे बाबा नाय म्हणतील."

"म्हणू देत."

"आणि तू? तुला झोप नाय लागायची."

"आता तरी कुठे लागते? आता तू शिफ्टवरून येताना हायवेवर ट्रक दिसतात मला." ती जवळ सरकली. "मी भिणारच आहे हर्षद. तू काहीही केलंस तरी. मग निदान तू तरी खूश अस… माझ्यासाठी."

त्याने मान वळवली. कितीतरी दिवसांनी नदीकडे पाहिलं.

घरी येऊन तिने बाबांना सांगितलं. काळुराम जेवत होता. घास हातात तसाच राहिला.

"मना जमायचं नाय पोरी," तो म्हणाला. "पाण्यात जानाऱ्याला मी पोरगी देनार नाय."

"नका देऊ. पण रविवारी माझ्याबरोबर कोंडीवर चला. आईला उतरायचं होतं तिथे. मी पार त्या तीरापर्यंत जाऊन येणार आहे. तुम्ही नाही आलात तरी जाणार."

तो आला. येणारच होता, घरी बसून वाट बघणं त्याला त्याहून कठीण होतं. कातळावर तो असा उभा राहिला, की जणू वाऱ्याने पडेल. पांढरी टोपी दोन्ही हातांत चुरगाळलेली. शेजारी हर्षद.

"मी बाजूने येतो," हर्षद म्हणाला.

"नको. तू इथेच थांब. बाबांपाशी."

ती उतरली. घोटे, गुडघे, कंबर… आणि मग पायाखालचा कातळ संपला. पाणी थंड होतं आणि तिच्या भीतीला मुळीच तळ नव्हता. मधोमध आल्यावर तिने एकदा पाय खाली सोडून पाहिला. काहीच लागलं नाही. घशात पाणी गेलं. कान भरले. आणि त्या भरल्या कानांतून बाबांची हाक आली. "मृणाऽऽ!" त्या संध्याकाळी मारली होती तशीच. तेव्हा ती आईच्या पाठीवर होती. आता पाठ तिचीच होती. मागे वळायचं की पुढे जायचं, हे ठरवायलाही वेळ नव्हता. तिने हात मारला. आणखी एक. आणखी एक. बोटांना शेवाळ लागलं, मग दगड, मग काठ.

पलीकडच्या तीरावर बसून तिने श्वास घेतला, हात हलवला आणि परत निघाली.

कातळावर चढली तेव्हा दात वाजत होते. बाबांनी आपला सदरा काढून तिच्या डोक्यावर टाकला आणि लहान पोरीचे पुसावेत तसे तिचे केस खसाखसा पुसायला लागले. डोळे त्यांचे गळत होते. मग अचानक ते हर्षदकडे वळले.

"तू उडी का नाय मारलीस रं? ती मधे गटांगळी खात होती तवा?"

"तिने थांब म्हटलं होतं," हर्षद म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "आणि तिला येतं पवायला. माहीत होतं मला."

"भ्याव नाय वाटला?"

हर्षदने हात पुढे केले. ज्या हातांनी वळणापलीकडून माणूस ओढून आणला होता, ते हात झाडाच्या पानासारखे थरथरत होते.

काळुराम त्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने ते आपल्या मिठाने राठ झालेल्या हातांत घेतले आणि घट्ट दाबून धरले. थरथर थांबेपर्यंत.

"ज्याला भ्याव वाटत नाय, त्याला मी पोरगी देनार नव्हतो," तो सावकाश म्हणाला. "तू भितोस. मंग बस झालं." आणि चुरगाळलेली टोपी डोक्यावर चढवून तो रंभाच्या घराच्या वाटेला लागला, पाठ करून, मुद्दाम हळू.

दोघंच उरले. ती बाबांच्या सदऱ्यात गुरफटलेली, तो कोरडाच्या कोरडा.

"मग?" हर्षदने विचारलं. "आता काय?"

"आता राजीनामा दे. सकाळी नदीवर जा. आणि पाणी उतरलं की मला फोन कर."

"रोज?"

"रोज."

"किती वर्षं गो?"

"माझी भीती जाईपर्यंत."

"आणि गेलीच नाय तर?"

तिने त्याचा हात हातात घेतला.

"तर मग," ती म्हणाली, "तुला जन्मभर फोन करावा लागेल."